मृत्यूच्या दाखल्यावर हवेचं नाव

गुरुग्राम जिल्ह्यातल्या मानेसरमध्ये, औद्योगिक वसाहतीच्या सेक्टर २ मध्ये हवा मोजणारं एक सरकारी केंद्र आहे. हरियाणा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ते चालवतं. आजूबाजूला मारुतीचा कारखाना, त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे उद्योग, दिल्लीहून जयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्ग. हा द्रुतगती मार्ग २०१८ मध्ये पूर्ण झाला. दिल्लीशी काम नसलेल्या मालट्रकांनी शहरात शिरू नये, बाहेरूनच वळून जावं, हा त्यामागचा हेतू होता. दिल्लीला त्याने दिलासा मिळाला, पण त्या ट्रकांचा धूर आता मानेसरच्या वाट्याला येतो. हिवाळ्यात इथला हवेचा निर्देशांक कधीकधी चारशेच्या पुढे, म्हणजे ‘गंभीर’ गटात जातो.

या केंद्रातल्या यंत्राचं मुख्य लक्ष ‘पीएम २.५’वर असतं. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे हे कण नाकाच्या केसांत किंवा घशात अडकत नाहीत. ते फुफ्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यांतले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांना सूज येते, गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. म्हणून खराब हवेने होणारे बरेचसे मृत्यू खोकून खोकून होत नाहीत. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, जुनाट श्वसनविकार, फुफ्फुसांचा कर्करोग, न्यूमोनिया अशी त्यांची नावं असतात. दाखल्यावरही तीच लिहिली जातात. अशा मृत्यूंबद्दलचा सारा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

दिल्ली परिसराच्या हवेचा पुरावा मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांनी उभा केला आहे, हे मराठी वाचकांना फारसं ठाऊक नसतं. हवेचा अंदाज देणारी ‘सफर’ ही यंत्रणा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत उभारली. दिल्ली परिसरातला धूर नेमका कुठून येतो, याचा २०१८ सालचा मोठा अभ्यास ‘टेरी’ या संशोधन संस्थेने पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेबरोबर केला. हिवाळ्यात दिल्लीच्या पीएम २.५ पैकी सुमारे ३६ टक्के दिल्लीतूनच निर्माण होतात, सुमारे ३४ टक्के मानेसर, फरीदाबाद, गाझियाबाद अशा भोवतालच्या पट्ट्यातून येतात आणि उरलेले त्याहून दुरून येतात, असं त्यात आढळलं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनेही दिल्लीच्या हवेवर दीर्घकाळ काम केलं आहे. मोजणीत तेव्हा कसूर नव्हती. आकडे संसदेच्या दारापर्यंत पोचले आणि तिथे अडले.

६ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी सांगितलं, की प्रदूषणामुळे आयुष्य घटतं असं दाखवणारा एकही भारतीय अभ्यास नाही आणि लोकांच्या मनात उगाच भीती निर्माण करू नये. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ६ डिसेंबर २०१८ ला, ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तो भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि अमेरिकेतल्या एका संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सहकार्याने केला होता. २०१७ या एका वर्षात भारतात १२ लाख ४० हजार मृत्यू प्रदूषित हवेशी निगडित होते आणि हवा पुरेशी स्वच्छ असती तर भारतीयांचं सरासरी आयुर्मान १.७ वर्षांनी जास्त असतं, असा त्याचा निष्कर्ष होता. परिषद सरकारी, मंत्रालय सरकारी, आणि त्याच सरकारचा मंत्री सभागृहात सांगतो की अभ्यासच नाही.

पुण्यातून घडलेल्या या नेत्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र अपुरं राहील. हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक, म्हणजे आज प्रत्येक फोनवर दिसणारा तो रंगीत आकडा, जावडेकर पर्यावरणमंत्री असतानाच आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. किचकट रासायनिक मोजमापं सामान्य माणसाला समजावीत म्हणून केलेलं ते फार मोलाचं काम होतं. म्हणजे विज्ञानाशी वैर असलेला माणूस इथे नाही. हवा खराब आहे हे मोजायला आणि लोकांना सांगायला त्याची हरकत नव्हती. त्या हवेने माणसं मरतात हे सभागृहात मान्य करायची वेळ आली तेव्हा मात्र तो थांबला. खराब हवा ही गैरसोय ठरते, मृत्यूची जबाबदारी कोणाला तरी घ्यावी लागते.

पक्ष बदलला तरी ही रेघ बदलत नाही. दिल्लीत तेव्हा सत्तेवर असलेला आम आदमी पक्ष अनेक वर्षं पंजाबात जाळल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्याकडे बोट दाखवत होता. २०२२ मध्ये त्याच पक्षाचं सरकार पंजाबात आलं आणि बोट हरियाणाकडे वळलं. पेंढ्याचा धूर तेवढ्यात दिशा बदलून वाहू लागला नव्हता.

जावडेकरांच्या दुसऱ्या कारकिर्दीआधी पर्यावरण खात्याचे मंत्री असलेले डॉ. हर्षवर्धन यांनी २०१७ मध्ये दुसरा मुद्दा मांडला होता. एखादा मृत्यू थेट प्रदूषणाच्या माथी मारणं त्यांना अतिरेकी वाटत होतं आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘प्रदूषण’ हे कारण कधी लिहिलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः कान-नाक-घसा तज्ज्ञ. देशाच्या पोलिओ मोहिमेत त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणून हा युक्तिवाद अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येत नाही, तो नीट तपासायला हवा.

पहिली अडचण दाखल्याचीच आहे. २०२० सालच्या सरकारी अहवालानुसार भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीची माणसं कशाने गेली हे कागदावर नाही. अशा देशात दाखल्यावर प्रदूषण दिसत नाही म्हणून ते नाही असं म्हणायचं, तर त्याच न्यायाने कितीतरी रोग देशातून हद्दपार झाले म्हणावं लागेल.

दुसरी अडचण खोल आहे. सिगारेट ओढणाऱ्या कोणा एकाला कर्करोग झाला तर तो सिगारेटमुळेच झाला, हे त्या एका माणसाच्या शरीरातून सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. हजारो ओढणारे आणि हजारो न ओढणारे वर्षानुवर्षं पाहिले की फरक लख्ख दिसतो. हवेचंही तसंच. हा पुरावा एका प्रेतात सापडत नाही, लोकसंख्येत सापडतो.

तो कसा शोधतात याचं नामांकित उदाहरण अमेरिकेतलं आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं माग ठेवला. धूम्रपान, वजन, शिक्षण, व्यवसाय यांचा परिणाम वेगळा काढूनही ओहायोतल्या स्टुबेनव्हिल या सर्वांत धुरकट शहरात मृत्यूचं प्रमाण विस्कॉन्सिनमधल्या स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त भरलं. १९९३ मध्ये हे छापून आलं, १९९७ मध्ये अमेरिकी सरकारने पीएम २.५ साठी पहिली मर्यादा आखली आणि कोळसा, पोलाद, तेल उद्योग तुटून पडले. त्यांची मागणी साधी भासणारी होती: मूळ माहिती उघड करा. पण त्या माहितीत हजारो माणसांचे आजार आणि पत्ते होते, गुप्ततेच्या वचनावर मिळालेले. अखेर सगळी आकडेमोड एका त्रयस्थ संस्थेकडे सोपवली गेली. तिचा निम्मा पैसा सरकारचा आणि निम्मा वाहन उद्योगाचा होता. २००० साली तिने निकाल दिला: मूळ निष्कर्ष बरोबर आहेत. तरीही ‘गुप्त विज्ञान’ हा आरोप टिकून राहिला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत पर्यावरण खात्याने त्याच नावाखाली असे अभ्यास बाजूला सारणारा नियम आणला आणि तो २०२१ मध्ये न्यायालयात रद्द झाला.

लंडनचा दाखला त्याहून जुना. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस शहरावर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं. सुरुवातीला सुमारे चार हजार जादा मृत्यू मोजले गेले. पुढच्या तीन महिन्यांतही मृत्यू चढेच राहिले तेव्हा सरकारने त्याचं खापर इन्फ्लुएन्झावर फोडलं. अर्धशतकानंतर संशोधकांनी नोंदी पुन्हा तपासल्या. फ्लूच्या साथीने एवढी वाढ समजावता येत नव्हती, एकूण आकडा बारा हजारांच्या आसपास जात होता. तरी लंडनमध्ये १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुरावा अर्धवट असताना झाला, हे विशेष.

आणि मृत्यूच्या दाखल्याचा मुद्दाही अखेर त्याच शहरात निकाली निघाला. एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दक्षिण लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहत होती. दम्याच्या झटक्यांनी तिला वारंवार रुग्णालयात न्यावं लागे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. आईने कित्येक वर्षं झगडून चौकशी पुन्हा उघडायला लावली. १६ डिसेंबर २०२० रोजी मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण नोंदवलं. घराजवळच्या केंद्रातल्या नोंदी आणि तिच्या रुग्णालयातल्या फेऱ्या शेजारी शेजारी ठेवल्यावर ते दिसलं. माहिती आधीपासून होती, ती जोडून पाहण्याची सक्ती कोणावर नव्हती.

भारतातही अशी जोडणी झाली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच दिल्लीतल्या ३६ शाळांतल्या ११,६२८ मुलांचा अभ्यास कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून करून घेतला होता. ४३.५ टक्के मुलांची फुफ्फुसं कमी क्षमतेने चालत होती. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण बंगालमधल्या मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सोनीपतच्या अशोका विद्यापीठातल्या आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी देशातल्या ६५५ जिल्ह्यांतल्या २००९ ते २०१९ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी हवेच्या अंदाजांशी ताडून पाहिल्या. पीएम २.५ ची वार्षिक पातळी १० मायक्रोग्रॅमने वाढली की मृत्यूंचं प्रमाण ८.६ टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. भारताने वर्षाला ४० मायक्रोग्रॅम ही मर्यादा मानली आहे, जागतिक आरोग्य संघटनेने ५. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा शहरांच्या दुसऱ्या अभ्यासात मुंबई आणि पुणेही होते. त्या दहा शहरांत वर्षाला सुमारे ३३ हजार मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ७.२ टक्के, हवेशी जोडलेले आढळले.

धर्माच्या बाजूने होणारा विरोध वेगळ्या धाटणीचा असतो. तिथे आकडा मागितला जात नाही, भावना पुढे केली जाते. २०१५ मध्ये तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की दिल्ली परिसरातल्या हवेत आमच्या फुफ्फुसांना वाढायची संधी द्या. त्यातून फटाक्यांचा खटला उभा राहिला. दिवाळीत फटाके वाजवणं हा धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असा प्रतिवाद झाला. ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे स्वातंत्र्य आरोग्याच्या आणि जगण्याच्या हक्काला अधीन आहे. रात्री आठ ते दहा एवढी वेळ आणि फक्त ‘हरित’ फटाके, अशी तडजोड ठरली.

हरित फटाके बनवण्याची जबाबदारी नागपूरच्या ‘नीरी’वर आली. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाण्याची वाफ सोडणारे, ॲल्युमिनियम कमी असलेले असे प्रकार विकसित केले. नेहमीच्या फटाक्यांपेक्षा त्यांतून धूलिकण साधारण ३० टक्क्यांनी कमी निघतात. प्रयोगशाळेचं काम चोख आहे. पण ‘तीस टक्के कमी’ याचा अर्थ सत्तर टक्के शिल्लक, हे बाजारात कोणी लिहीत नाही. ‘हरित’ शब्दाने तो धूर निर्दोष ठरतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ठाण्यातून पुढे आलेले न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने म्हटलं, की प्रदूषणाला उत्तेजन देणारी कृती कोणताही धर्म सांगत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओक यांच्याच अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातली बंदी सैल करायला नकार दिला. सहा महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, मूळचे अमरावतीचे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने दिवाळीच्या दिवसांत सकाळी एक तास आणि रात्री दोन तास हरित फटाक्यांना परवानगी दिली. दिल्लीचं सरकारही ती मागत होतं. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या दरम्यान फुफ्फुसांबद्दलचं विज्ञान तसूभरही बदललं नव्हतं. सणाचे दिवस जवळ आले होते, एवढाच फरक. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीची हवा ‘अतिशय खराब’ गटात होती.

कधीकधी श्रद्धा स्वतःच उपाय म्हणून पुढे येते. मार्च २०१८ मध्ये मीरत शहरात प्रदूषण हटवण्यासाठी नऊ दिवसांचा महायज्ञ झाला. त्यासाठी आंब्याचं पाचशे क्विंटल लाकूड जाळायचं ठरलं होतं. आयोजकांचा भाव शुद्ध असेल, पण लाकडाच्या धुरात पीएम २.५ असतोच, मग ते चुलीत जळो की वेदीत.

दिल्ली लांब वाटत असेल, तर दादर जवळ आहे. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मुंबईतल्या ५१ कबुतरखान्यांचा प्रश्न आला आणि मंत्री उदय सामंत यांनी ते बंद करण्याच्या सूचना देऊ असं सांगितलं. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं श्वासातून आत गेली की काही माणसांच्या फुफ्फुसांत अतिसंवेदनशील सूज येते. सूज लांबली तर फुफ्फुसं कडक होतात आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत. भारतातल्या २७ केंद्रांवर नोंदलेल्या अशा फुफ्फुसविकाराच्या १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हाच प्रकार असल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यात पक्ष्यांइतकेच, किंबहुना अधिक, दोषी वाळ्याचे कूलर निघाले होते. पुरावा प्रामाणिकपणे मांडायचा तर हेही सांगायलाच हवं. मुंबई उच्च न्यायालयापुढे केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाचं मत ठेवलं गेलं. न्यायालयाने आरोग्याची बाजू गंभीरपणे घेतली. महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला.

६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. जीवदया हे जैन धर्माचं फार जुनं आणि आदरणीय मूल्य आहे, दाणे टाकणाऱ्या वयस्कर माणसाच्या मनात दुसऱ्याचं वाईट करायचं नसतं. पण समोरच्या इमारतीत ऑक्सिजनच्या नळीवर असलेली बाईही जीवच आहे, हे त्या दिवसांच्या सभांमध्ये फारसं ऐकू आलं नाही. मुख्यमंत्र्यांनी अचानक बंदी योग्य नाही असं सांगितलं, पालकमंत्र्यांनी पालिकेला पत्र लिहिलं, मराठी संघटना दुसऱ्या बाजूने रस्त्यावर उतरल्या आणि श्वसनाचा प्रश्न बघता बघता भाषेचा आणि समाजांचा झाला. ऑक्टोबरमध्ये एका जैन मुनींनी कबुतर हे चिन्ह घेऊन पक्ष काढण्याचीही घोषणा केली. अखेर पालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड-ऐरोली नाका आणि गोराई इथे चार जागा ठरवल्या. तिथे सकाळी ७ ते ९ दाणे टाकायची मुभा दिली.

फटाक्यांना दोन-तीन तास, कबुतरांना दोन तास. या वेळा कोणत्याही छातीच्या डॉक्टरने लिहून दिलेल्या नाहीत. त्या दोन दबावांच्या मधोमध काढलेल्या आहेत आणि पुराव्यापुढे हात टेकण्याऐवजी आपल्या व्यवस्थेने शोधलेला हा नेहमीचा रस्ता आहे. पुरावा नाकारायचा नाही, फक्त त्याच्याशी सौदा करायचा. मतांचा हिशेब असतो तिथे सौदा कळतो, पण वायुकोशांना असा सौदा करता येत नाही.

मानेसर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आजही नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात हरियाणातून फक्त फरीदाबादची निवड झाली. शहरं निवडताना आधीच्या वर्षांतल्या नोंदी पाहिल्या गेल्या, आणि जिथे मोजणीच होत नव्हती तिथे नोंदी नव्हत्या. जुलै २०२४ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं, की केवळ हवेच्या प्रदूषणामुळे मृत्यू किंवा आजार होतात हे थेट सिद्ध करणारी निर्णायक माहिती देशात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये फुफ्फुसांच्या आजारांबद्दल तसंच उत्तर राज्यसभेत आलं. ‘केवळ’ आणि ‘निर्णायक’ या दोन शब्दांवर ही उत्तरं उभी आहेत, आणि या दोन शब्दांना पुरून उरेल असा अभ्यास हार्वर्डकडेही नव्हता.

हवं तर काम मात्र करता येण्याजोगं आहे. मानेसरच्या सेक्टर २ मध्ये दर तासाचा आकडा नोंदला जातो. तिथल्या कामगारांचे कर्मचारी राज्य विमा योजनेखालचे उपचार आणि जिल्ह्यातल्या मृत्यूंच्या नोंदी सरकारच्याच ताब्यात आहेत. लंडनमध्ये एका आईने जे दोन कागद शेजारी ठेवायला लावले, ते इथे वैद्यकीय संशोधन परिषद एका आदेशावर ठेवू शकते आणि निष्कर्ष संसदेच्या पुढच्या अधिवेशनात मांडता येतो.